कोण गेलं गं?

रविवारी संध्याकाळी आई मेथीची जुडी आणि आदल्या दिवशीचा पेपर घेऊन हॉलमध्ये आली, माझ्या पायाशी बसली आणि निवडायला लागली. मी ‘बॅटलफील्ड वन’ लावलं होतं. भाचा येणार होता, त्याला दाखवायचं म्हणून अगदी पहिल्यापासून सुरू केलं होतं. टीव्हीवर चिखल, धूर, जळकी झाडं. जर्मन अंगावर येतायत, मी गोळ्या झाडतेय, गोळ्या संपल्या, हातघाईवर आलं, एकाला पाडलं, दुसऱ्याने मला पाडलं. आवाज एकदम बसला. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक नाव उमटलं आणि त्याबरोबर दोन सालं, मध्ये छोटी रेघ. आईने वर बघितलं. कपाळावरचा चष्मा खाली घेतला. इंग्रजी ती सावकाश वाचते, पण नाव आणि दोन सालं ही मांडणी समजायला इंग्रजी यावं लागत नाही. आपल्या प्रत्येक चौकात तसा एक फ्लेक्स लागलेला असतो, आणि सकाळचा पेपरही ती त्याच पानापासून उघडते.

“कोण गेलं गं?”

“कुणी नाही, गेम आहे.”

“मग नाव कशाला लिहिलंय? एरवी तर नुसतं धाडधाड चालतं तुझं. नाव नसतं कधी.”

तोवर मी दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगात शिरले होते आणि मरायच्या बेतात होते. उत्तर दिलं नाही. तिनेही परत विचारलं नाही, मुळं कापून पेपरावर टाकत राहिली. पण तो प्रश्न मात्र बोटाला मेथीचा वास राहावा तसा राहिला.

गेम २०१६ चा. स्वीडनमधल्या डाईस स्टुडिओचा, पहिल्या महायुद्धावरचा. भाऊ जर्मनीला गेला तेव्हा त्याचा पीएस-फोर, गेम खेळायचा खोका, माझ्याकडे टाकून गेला, आणि महिनाभरात तिकडे नवा घेऊन मला ऑनलाइन बोलवायला लागला. तेव्हापासून शुक्रवारी रात्री आम्ही चौघं भेटतो. मी, भाऊ, त्याचा शाळेतला मित्र आणि त्या मित्राचा ऑफिसमधला एकजण, ज्याला मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही पण ज्याचा खोकला हजारांत ओळखेन. हेडसेटवर माझा आवाज ऐकून पहिल्यांदा एका अनोळखी माणसाने मला ‘बेटा, सो जाओ’ म्हटलं होतं. त्याला वाटलं आठ-दहा वर्षांचा मुलगा आहे. मी एकोणचाळीस वर्षांची आहे आणि तेव्हा वरणाला फोडणी द्यायची राहिली होती.

या गेममध्ये मरणाच्या इतक्या तऱ्हा आहेत की ‘मोड’, म्हणजे गेम खेळायचा एकेक प्रकार, हे प्रकरण मी त्यावरूनच समजून घेतलं. शाळेत आम्ही हुतूतू खेळायचो तेव्हाही मरतच होतो की. “मेली, मेली, बाहेर हो!” असं बाई स्वतः ओरडायच्या आणि कुणाला काही वाटायचं नाही. त्याच बाईंनी कबड्डीचे तीन प्रकार शिकवले होते. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला मेलेला गडी उठून आत येतो. गामिनीत मेला तो मेला, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसून धूळ खायची. आणि अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही, समोरच्याला गुण मिळतो आणि हा मैदानावर तसाच. तेव्हा मला अमर सगळ्यात आवडायचं, कारण बाहेर बसावं लागत नसे. आता त्याचाच कंटाळा येतो.

टीम डेथमॅच हे अमर. मारा, मरा, परत या, पुन्हा मारा. त्यावर आणखी काही बोलण्यासारखं नाही. भाच्याला तेच आवडतं.

कॉन्क्वेस्टचं तसं नाही. चौसष्ट माणसं, मोठं रान, काबीज करायचे इंग्रजी अक्षरांचे झेंडे, रणगाडे, घोडे, डोक्यावर दोन पंखांच्या थरांची विमानं. कागदावर भव्य आहे. प्रत्यक्षात ते गणपतीच्या आदल्या दिवशीच्या तुळशीबागेसारखं होतं. जो तो कुठेतरी घाईने निघालाय आणि कुणीच कुणासाठी थांबत नाही. तुम्ही ‘ए’ घेतलात की मागे ‘सी’ गेलेला असतो. ‘सी’ला धावलात की ‘ए’वर पुन्हा दुसऱ्यांचा झेंडा. पण कॉन्क्वेस्टमध्ये एक गोष्ट आहे जी दुसरीकडे नाही, ती म्हणजे निवांतपणा. कधी कधी सगळी लढाई दूर सरकते, आपण वाळवंटात एका घोड्यावर एकटेच उरतो, तोफांचा आवाज शेजारच्या इमारतीत चाललेल्या ड्रिलिंगइतका लांब जातो आणि दोन मिनिटं नुसतं ऊन आणि टापा. मग कुठूनतरी गोळी येते. घोडा आधी पडतो. आईचं लक्ष तेव्हा बरोबर जातं. माणसं पडतात त्याचं तिला काही नसतं, “घोड्याने काय केलं होतं?” असं मात्र ती प्रत्येक वेळी विचारते.

माझा मोड म्हणजे ऑपरेशन्स. सगळं युद्ध एका दिशेने सरकतं. एक बाजू चढाई करते, दुसरी धरून बसते. चढाईवाल्यांना मोजक्या पलटणी दिलेल्या असतात आणि प्रत्येक पलटणीत मोजकी माणसं. आपण मेलो की तो आकडा, गेमच्या भाषेत तिकीट, एकाने उतरतो. कुणी मेडिक धावत आला, सुई टोचून उठवलं, तर तो एक वाचतो. ही संजीवनी. म्हणून ऑपरेशन्समध्ये आमच्या चौघांचं मराठी सर्वांत सुधारतं. “थांब, मरू नकोस, येतेय.” “तिकीट घालवू नकोस यार.” “उठव मला, मी खंदकातच आहे, डावीकडे, पत्र्यामागे.” एक भाग जिंकला की शिट्टी वाजते. कर्कश, लांबलेली, रेफ्रीची असते तशी. तीस माणसं एकदम आरडाओरडा करत उघड्यावर धावत सुटतात. तो क्षण मला अजूनही पोटात कळतो. अंगावर काटा येतो आणि त्याची लाजही वाटते, दोन्ही एकदम. कारण खरोखरच्या खंदकांत ती शिट्टी वाजली तेव्हा पाय लटपटणारी विशीतली पोरं शिडी चढत होती, आणि इथे मी मांडीवर उशी घेऊन “चला चला चला” म्हणून किंचाळतेय. मेले तर दहाएक सेकंद नकाशा बघायचा आणि भावाच्या बाजूला उगवायचं.

पलटण संपत आली की आकडा लाल होतो असं मला नेहमी वाटतं. खरं तर नीट बघितलेलं नाही. तेव्हा कोण बघतंय.

कबुतरांचाही एक मोड आहे, वॉर पिजन्स. तो फार कुणी खेळत नाही, माणसं जमायला वेळ लागतो, म्हणून मला त्याची माया जास्त. रानात एक कबुतर असतं, ते पकडायचं, त्याच्याबरोबर चिठ्ठी लिहायची आणि आकाशात सोडायचं. ते पोचलं की आपल्या तोफा शत्रूवर डागल्या जातात. गंमत अशी की चिठ्ठी लिहायला वेळ लागतो, आणि एका जागी स्थिर राहिलं तर ती लवकर पुरी होते. म्हणजे चहूबाजूंनी गोळ्या, आणि आपण कोपऱ्यात उकिडवे बसून पत्र लिहितोय. सोडल्यावरही समोरचे कबुतराला गोळी घालू शकतात. हे कुणाच्या डोक्यात आलं असेल? त्या माणसाच्या घरी कुणीतरी पोस्टात असणार. गेमच्या कथांमध्येही एका रणगाड्यातून कबुतर सोडतात. त्या वेळी आपण स्वतःच ते कबुतर होतो आणि रणांगणावरून उडत जातो. खाली सगळं पेटलेलं, कानात फक्त पंखांचा आवाज. मी तेवढा भाग चार वेळा खेळले.

बाकी कथांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्या पाच आहेत. रणगाडा, विमान, इटलीचे डोंगर, तुर्कस्तानातलं गॅलिपोली आणि लॉरेन्सचं, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणतात त्या इंग्रज अधिकाऱ्याचं, वाळवंट. दिसायला देखण्या, आवाज तर काय सांगावा. पण पहिल्या पंधरा मिनिटांत गेमने जे कबूल केलेलं असतं ते या पाचांत मोडलेलं आहे. सुरुवातीचा तो भाग १९१८ च्या फ्रान्समधला, अमेरिकेच्या ३६९ व्या पलटणीतल्या कृष्णवर्णीय शिपायांचा. तिथे गेम आधीच सांगतो की तुम्ही यातून वाचाल अशी अपेक्षा नाही. कितीही चांगलं खेळा, मरताच. नाव येतं, सालं येतात, आणि तुम्ही पुढच्या माणसात जाता. हे गामिनी. आणि त्यानंतर लगेच पहिली कथा सुरू होते, त्यात एकटा माणूस पन्नास जणांना लोळवतो, आणि मेला तर थोडं मागे जाऊन पुन्हा उभा राहतो. नाव नाही, साल नाही. पंगतीला बसवून पहिली वाढी पुरणपोळीची आणि मग सगळा शिरा, असं काहीतरी. शिरा वाईट नसतो. पण पानात पोळी आलेली असते ना.

तर आईच्या प्रश्नानंतरच्या शुक्रवारी आम्हाला फाओ फोर्ट्रेस आलं. हा नकाशा, म्हणजे गेममधलं हे रणांगण, मी निदान शंभर वेळा खेळले असेन. टेकड्या, पडका किल्ला, समुद्रात आग ओकणारी अजस्र युद्धनौका. ब्रिटिश साम्राज्य विरुद्ध ऑटोमन, म्हणजे तुर्की, साम्राज्य. ऑपरेशन सुरू होताना एक आवाज प्रस्तावना करतो, तेव्हा मी साधारणपणे पाणी प्यायला उठते. या वेळी उठले नाही. इराकचं तेल, पर्शियाचं आखात, असं काही चाललं होतं. मॅच झाल्यावर, भाऊ झोपायला गेल्यावर, मी फाओ शोधलं, इराकचं आखाताकाठचं टोक. ६ नोव्हेंबर १९१४ ला तिथे फौज उतरली. ती हिंदुस्थानातून गेलेली होती. आघाडीला १६ वी ब्रिगेड. आणि ती ब्रिगेड ज्या डिव्हिजनची, तिचं नाव सहावी, पूना डिव्हिजन.

पूना. म्हणजे जिथे मी सोफ्यावर बसून ते वाचत होते तेच.

त्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. डिव्हिजनच्या बाकी दोन ब्रिगेडमध्ये आणखी दोन, १०३ वी आणि ११० वी. फाओहून बसरा, बसऱ्याहून तैग्रिसच्या काठाने वर, बगदादच्या अगदी जवळ, आणि तिथून मार खाऊन परत कुत-अल-अमारापर्यंत. कुतला तुर्कांनी वेढा घातला, ७ डिसेंबर १९१५ ला. जवळपास पाच महिने. विमानांतून पिठाची पोती टाकत होते, काही नदीत पडत होती. शेवटी घोडे कापले. हिंदी शिपायांतले कितीतरी घोडा खायला तयार होत नव्हते. आईचं ते “घोड्याने काय केलं होतं?” मला तिथे रात्री दीड वाजता ऐकू आलं. २९ एप्रिल १९१६ ला पूना डिव्हिजनच्या जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली, सुमारे १३ हजार माणसांसकट. त्याच्या थोडंच आधी इंग्रजांनी तुर्की सेनापतीला पैसे देऊन वेढा सोडवायचा प्रयत्न केला होता, २० लाख पौंडांपर्यंत. बोलणी करायला गेलेल्यांत एक होता लॉरेन्स. तोच, गेमच्या पाचव्या कथेतला. त्याच्या वाळवंटातली तुर्कांची आगगाडी मी कितीदा उडवली आहे! पण ज्या दिवसांत तो आपल्या माणसांच्या सुटकेचा भाव करत बसला होता, त्या दिवसांवर कथा नाही.

सकाळी आईला हे सांगितलं. म्हणजे सगळं नाही, बसरा एवढा शब्द तोंडातून गेला, आणि ती पोळी लाटता लाटता थांबली.

“बसऱ्याचे काका,” ती म्हणाली.

आईचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिथे लष्कर ही काही बातमी नाही. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, त्याच्या नावातच मिलिटरी आहे आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं गेली. आईच्या गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेला एक दगड आहे. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर, इंग्रजीत. नावं नाहीत. मी तो लहानपणापासून पाहिलाय, त्याच्यावर पाठ टेकून चिंचा खाल्ल्यात. मागे कुणाच्या तरी दौऱ्यासाठी चावडीला घाईघाईने रंग काढला, तेव्हा पिवळ्या ऑइलपेंटचा हात दगडावरूनही फिरला. पहिला आकडा अजून नखाने चाचपता येतो. दुसरा बुजलाय.

आईच्या आजोबांचा धाकटा भाऊ बसऱ्याला गेला आणि आला नाही. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. असं कसं, असं मी पूर्वी तिला चिडून विचारलं होतं. असंच, ती म्हणाली होती. त्याला तिकडे जाईपर्यंत घरात ‘बाळा’ म्हणत आणि गेल्यावर ‘बसऱ्याचा’. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे नाव पुढे लावणारं कुणी नाही. आजोबांना माहीत असणार, पण ते बोलत नसत. पितृपक्षात वाडीला पानं मांडायची तेव्हा शेवटचं पान बसऱ्याच्या काकांचं. आईकडे लहानपणी ते पान अंगणाच्या कठड्यावर नेऊन ठेवायचं काम होतं. भात, वरण, गवार-भोपळ्याची भाजी, अळूवडी, खीर, कढी, वडे. आणि तिची एक पक्की आठवण आहे की कावळा आधी त्याच पानाला शिवायचा. दरवर्षी. बाकीच्या पानांसमोर हात जोडून मनातलं बोलावं लागे, कुणाची मुलगी उजवायची राहिलीय, कुणाचं शेत सोडवायचंय. या पानाला कधीच नाही. आजी म्हणायची, “तो उपाशी गेलाय गं.”

उपाशी. आजीला कुत माहीत नव्हतं. आईलाही नाही. कुणीतरी परत आलेल्याने सांगितलं असेल, किंवा आजीचा नुसता अंदाज असेल, किंवा तो कुतला नसेलच, बसऱ्याच्या दवाखान्यात तापाने गेला असेल. मला हे जोडून टाकायचा मोह होतोय हे मला कळतंय. रात्री दीडला वाचलेलं सकाळी खरं वाटतंच.

बसऱ्याला त्या युद्धाचं एक स्मारक आहे, १९२९ साली उभं केलेलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, मेलेले आणि ज्यांची कबर ठाऊक नाही असे ४० हजारांवर लोक त्यावर आहेत. आहेत म्हणजे कसे? ब्रिटिश शिपायांची नावं दगडात कोरली आहेत. हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या हिंदी शिपायांचा, पलटणीगणिक, आकडा आहे. ‘आणि इतर इतके.’ मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला तो ऑपरेशन्सचा पडद्यावरचा काउंटर. चढाईवाल्यांची पलटण, उरलेली माणसं. माझा आवडता मोड.

मी तो आजही खेळते. गेल्या शुक्रवारीही खेळले, आणि चांगलं खेळले, अकरा जणांना उठवलं. बंद करावं असं वाटलं नाही, आणि असं का वाटलं नाही याचं थोडं वाईट वाटलं, इतकंच.

त्या आकड्यांमागची नावं आता युद्ध-कबरींच्या आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. शोधायला आडनाव टाका, नाव टाका, पलटण टाका, असे रकाने येतात. आडनाव आम्हाला माहीत होतं. नावाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला. आईने सुचवलं, “बाळा टाकून बघ.” टाकलं. नाही आलं. मग नुसतं आडनाव आणि पलटण. इंग्रज कारकुनांनी आमचं आडनाव तीन-चार तऱ्हांनी लिहिलंय, प्रत्येक तऱ्हेची वेगळी यादी. कुठे बापाचं नाव आणि गाव दिलंय, तालुका कोरेगाव, तालुका खटाव. कुठे काहीच नाही, फक्त नंबर आणि तारीख. आई खुर्ची ओढून शेजारी बसली. चष्मा पुसला. गॅसवर कुकर होता, तिसरी शिट्टी झाल्यावर ती उठली, बंद करून आली, पदराला हात पुसत पुन्हा बसली.

“वाच,” म्हणाली.

मी पहिलं नाव वाचलं, पलटण वाचली, तारीख वाचली. ती थोडं थांबली. ओठांतल्या ओठांत तेच नाव एकदा म्हणाली, कुणाच्या तोंडून ऐकलंय का ते आठवत असल्यासारखं. मग मान हलवली.

“पुढचं.”